वाटाण्यांच्या निबंधाचे रसग्रहण

दिवाळीत घरात तान्हे मूल असले, की फराळाच्या ताटांआधी माणसे त्याच्याभोवती जमतात. 'नाक आमच्या घराण्याचे आहे,' असे आत्याबाई म्हणतात. 'कपाळ मात्र आजोळचे,' असे मावशी ठासून सांगते. रंगाविषयी दोन्ही पक्ष सोयीस्कर मौन पाळतात. मूल थोडे मोठे होऊन खोड्या करू लागले, की 'खाण तशी माती' ही म्हण निघते, आणि खाण कोणाची यावर पुन्हा दोन तट पडतात. ह्या वार्षिक वादात मीही वर्षानुवर्षे आनंदाने भाग घेतला आहे. वारसा ही गोष्ट आपल्या इतक्या परिचयाची असते, की तिला काही नियम असतील आणि ते कोणी मोजून काढले असतील, हे आपल्या मनातही येत नाही.

ते मोजले मठात राहणाऱ्या एका माणसाने, आणि त्यावर त्याने एक निबंध लिहिला. त्या निबंधाविषयी मला आज लिहायचे आहे. मी साहित्याचा टीकाकार. जन्मभर कादंबऱ्या आणि कवितासंग्रह वाचले, त्यांवर बरेवाईट लिहिले, आणि त्यापायी थोडे मित्र गमावले. शास्त्रीय निबंधाची परीक्षा करण्याचा अधिकार मला नाही, तो मी मागतही नाही. परंतु निबंध म्हणजे अखेर लिहिलेला मजकूरच. त्याला रचना असते, शब्दांची निवड असते, आणि वाचकांच्या हाती पडल्यावर त्याचे काही बरेवाईट होते. ह्या निबंधाचे वाचकांच्या हातून जे झाले, त्याची झळ माझ्या घरापर्यंत येऊन पोचली आहे. म्हणून हा खटाटोप.

ग्रेगोर मेंडेल १८२२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. ब्रून म्हणजे आजचे ब्रनो. तेथील मठात तो दाखल झाला. पुढे व्हिएन्नाच्या विद्यापीठात त्याने दोन वर्षे भौतिकशास्त्र आणि गणित यांचा अभ्यास केला. परंतु शिक्षकाच्या परीक्षेला दोनदा बसूनही कायम शिक्षकाची सनद काही त्याच्या हाती पडली नाही. १८५६ ते १८६३ ही आठ वर्षे मठाच्या बागेत त्याने वाटाणे लावले. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ ह्या दोन संध्याकाळी ब्रूनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्याने आपला निबंध वाचला, आणि १८६६ साली तो मंडळाच्या वार्षिकात छापून आला. वार्षिक शंभराहून अधिक संस्थांना गेले. लेखकाने स्वतःसाठी चाळीस सुट्या प्रती मागवल्या. त्यानंतर जवळजवळ काही घडले नाही. मेंडेल मठाधिपती झाला, १८८४ साली वारला, आणि १९०० साली द व्रीस, कॉरेन्स व चेर्माक ह्या तिघांनी आपापल्या वाटेने त्याच नियमापर्यंत येऊन हा जुना निबंध उजेडात आणला. चौतीस वर्षे न वाचला गेलेला निबंध! आपल्या पुस्तकाची तीन महिन्यांत कोणी दखल घेतली नाही म्हणून रुसणाऱ्या लेखकमित्रांना मी ही हकीकत नेहमी सांगतो.

निबंध हाती घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती लेखकाच्या निवडीची. वारशाविषयी लिहू पाहणारा माणूस साहजिकच माणसांविषयी लिहील. राजघराणी, रूप, बुद्धी, वेड यांच्याविषयी लिहील. मेंडेल वाटाणा घेतो. बियांच्या व्यापाऱ्यांकडून चौतीस जाती आणतो, त्या पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्याच उगवतात की नाही हे दोन वर्षे पाहतो, आणि त्यांतल्या बावीस प्रयोगासाठी राखतो. वाटाण्याच्या शेकडो गुणांपैकी तो फक्त सात निवडतो, आणि तेही असे, की पाहणाऱ्याला संशय राहू नये. दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके. 'मध्यम' म्हणून पळवाट नाही. चांगला कथाकार काय सांगायचे नाही हे आधी ठरवतो, असे आपण म्हणतो. हा गुण मला इथे पानापानावर दिसला.

गोल आणि सुरकुतलेला हा भेद गृहिणींना नव्याने सांगायला नको. रगड्यासाठी आपण आणतो तो पांढरा वाटाणा वाळूनही गोल राहतो. थंडीत बाजारात येणाऱ्या कित्येक गोड मटारांचे दाणे मात्र वाळवले तर सुरकुततात. पिठूळपणा कमी, साखर अधिक, म्हणून ओल्या दाण्यात पाणी जास्त. ते उडाले की साल चुरगळते. पिष्ट बनवणाऱ्या एका घटकाची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात मध्येच एक परका तुकडा घुसल्यामुळे असे होते, हे १९९० साली उलगडले. मेंडेलला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्यापाशी चिमटा होता, परागकण नेणारा हात होता, आणि मोजण्याची चिकाटी होती.

त्याने गोल दाण्याच्या जातीचा सुरकुतलेल्या जातीशी संकर केला. आलेले सारे दाणे गोल. सुरकुती जणू नष्टच झाल्या. मग हे संकरित दाणे पेरून त्यांची झाडे आपल्याच परागावर वाढू दिली. २५३ झाडांवर ७३२४ दाणे आले. त्यांत ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले. एकाच शेंगेत, एकाच आईच्या पोटी, दोन्ही प्रकारचे दाणे शेजारी शेजारी बसलेले. प्रमाण पाहावे, तर सुमारे तिनास एक. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या प्रयोगात ८०२३ दाणे : ६०२२ पिवळे, २००१ हिरवे. पुन्हा तिनास एक. सातही गुणांत तेच.

ह्या ठिकाणी मला डार्विनची आठवण होते. त्याने एका फुलझाडाच्या दोन प्रकारांचा संकर केला होता, आणि १८६८ साली छापलेल्या ग्रंथात दुसऱ्या पिढीचे आकडे दिले आहेत : १२७ रोपांपैकी ८८ एका प्रकारची, ३७ दुसऱ्या, आणि दोन मधली. हेही तिनास एकच्या फारसे दूर नाही. डार्विनसारखा वाचक, पण तो ह्या आकड्यांवरून पुढे निघून गेला. त्याच्यापाशी निरीक्षणे अमाप होती; मेंडेलपाशी एक प्रश्न होता. टीकाकाराच्या भाषेत सांगायचे, तर एकाजवळ महाकाव्याची सामग्री होती, दुसऱ्याजवळ सुनीताची शिस्त.

आता शब्दांकडे वळतो, कारण तिथेच पुढच्या घोटाळ्याचे मूळ आहे. संकरात जो गुण दिसतो त्याला मेंडेलने वरचढ ठरणारा अशा अर्थाचा शब्द योजला, आणि जो दिसत नाही त्याला मागे सरणारा अशा अर्थाचा. दुसरा शब्द का निवडला याचा त्याने खुलासाही केला आहे : हा गुण संकरात मागे सरतो, दिसेनासा होतो, परंतु पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो. किती नेमका शब्द! आपल्या पाठ्यपुस्तकांनी ह्या जोडीचे 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' केले. शाळेतल्या मुलाला वाटते, प्रभावी म्हणजे बलवान, चांगले. अप्रभावी म्हणजे दुबळे, टाकाऊ, काही पिढ्यांत संपून जाणारे. मेंडेलच्या निबंधातील सगळे नाट्य मात्र नेमके याच्या उलट आहे. मागे सरलेला गुण संपत नाही. तो झिजत नाही, पातळ होत नाही, शेजाऱ्याच्या संगतीने बदलत नाही. दाण्याच्या गोलाईआड तो पिढ्यान्‌पिढ्या बसून राहू शकतो, आणि परत येतो तेव्हा पहिल्याइतकाच ठसठशीत असतो. दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण मुलात मिसळतात, हा जुना समज ह्या निबंधाने मोडला. मिसळत काही नाही. पत्ते पिसले जातात, तरी प्रत्येक पत्ता आपल्या जागी शाबूत राहतो.

हे समजावण्यासाठी मेंडेलने अक्षरे वापरली. एका गुणासाठी मोठ्या वळणाचे रोमन अक्षर, दुसऱ्यासाठी तेच अक्षर लहान वळणाचे. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, हा मला तिचा थोरपणाच वाटतो. म्हणून इथे मी गोलाईला 'गो' म्हणतो आणि सुरकुतीला 'सु'. प्रत्येक दाण्यात दोन अक्षरे असतात, एक मातेकडून, एक पित्याकडून. संकरित झाड 'गो-सु' असते. त्याच्या प्रत्येक परागकणात आणि प्रत्येक बीजांडात मात्र दोहोंपैकी एकच अक्षर उतरते, अर्ध्यांत 'गो', अर्ध्यांत 'सु'. मग जोड्या चार : गो-गो, गो-सु, सु-गो, सु-सु. पहिल्या तिन्ही दिसायला गोल, शेवटची सुरकुतलेली. तिनास एक हे कोडे इथे सुटते. गोल दिसणाऱ्यांतही दोन जाती असल्या पाहिजेत, हे ताडून मेंडेलने गोल दाण्यांपासून ५६५ झाडे वाढवली. १९३ झाडांना केवळ गोल दाणे आले. ३७२ झाडांना दोन्ही. एकास सुमारे दोन. म्हणजे रूप एक असूनही पोटात काय आहे ते निराळे. माणसांविषयी कादंबरीकार हे फार काळ सांगत आले होते. वाटाण्याच्या बाबतीत ते आकड्यांनी सिद्ध झाले.

शाळेत आपण चार घरांचा जो चौकोन काढतो, तो ह्या निबंधात नाही. तो पनेट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणला. चौकोन सोयीचा आहे. परीक्षेत त्यावर गुण मिळतात. परंतु चार घरे काढून त्यांत चार मुले बसवली, की पाहणाऱ्याला वाटते, ही चार मुले होणार, आणि अशीच होणार. इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे.

आम्ही नागपूरचे. माझी एक मावसबहीण चंद्रपूर जिल्ह्यात दिलेली आहे. २००९ साली तिला पहिली मुलगी झाली. वर्ष सरले नाही तोच पोरीचे हातपाय सुजू लागले, ताप येऊ लागला, अंगात रक्त ठरेना. तपासणीत सिकलसेल निघाला. विदर्भात हा आजार अनोळखी नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडताना विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मग ज्या कळा येतात त्या पाहणाऱ्यालाही सोसवत नाहीत. त्याचा वारसा वाटाण्यांच्या हिशेबाने चालतो, हे १९४९ साली अमेरिकेत जेम्स नील याने दाखवून दिले. आईकडून एक बिघडलेले अक्षर आणि बापाकडून एक, अशी दोन आली तरच हा आजार होतो. आईबाप स्वतः एकेकच वागवत असतात, आणि बहुधा ठणठणीत असतात. माझी बहीण आणि तिचे यजमान, दोघेही तसे निघाले.

दवाखान्यात त्यांना सांगितले गेले, 'चारांत एक.' सांगणाऱ्याचे चुकले नव्हते. पण गर्दी होती, त्याने तेवढेच सांगितले. घरी आल्यावर तिच्या सासूबाईंनी त्या दोन शब्दांचा अर्थ लावला. माउली अडाणी नव्हत्या, हिशेबाला चोख होत्या. त्या म्हणाल्या, 'चारांतले एक होऊन गेले. देवाने घ्यायचे ते घेतले. आता तीन धडधाकट होतील.' घरभर दिलासा पसरला. तो दिलासा मीही ऐकला आणि मलाही तो पटला, हे कबूल केले पाहिजे. मी पदवीधर, पुस्तके परीक्षणारा. मला त्यात काही वावगे दिसले नाही. २०१२ साली मुलगा झाला. त्यालाही तोच आजार निघाला.

त्या वर्षी दिवाळीत मी हा निबंध इंग्रजी भाषांतरातून पहिल्यांदा वाचला. दुःखावर उतारा म्हणून नव्हे. आपण कुठे चुकलो ते शोधण्यासाठी. आणि निबंधाच्या पूर्वार्धात, पहिल्या प्रयोगांच्या आकड्यांपाशी, मला ती जागा सापडली.

मेंडेल केवळ ७३२४ ची एकूण बेरीज देऊन थांबत नाही. तो पहिल्या दहा झाडांचे आकडे सुटे सुटे मांडतो. एका झाडावर ४५ गोल आणि १२ सुरकुतलेले. दुसऱ्यावर २७ आणि ८. एकावर १९ आणि १०. एकावर ८८ आणि २४. आणि मग तो अगदी टोकाची झाडे सांगतो. एका झाडावर ४३ दाणे गोल आले आणि सुरकुतलेले फक्त दोन. दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात एका झाडावर ३२ पिवळे आणि एकच हिरवा; दुसऱ्यावर २० पिवळे आणि १९ हिरवे. सारी झाडे एकाच प्रकारच्या संकरातली, एकाच बागेतली.

माझ्या मते हा निबंधाचा प्राण आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी नेमका तोच गाळला. तिनास एक हा नियम बागेचा आहे. झाडाचा नव्हे, आणि दाण्याचा तर मुळीच नव्हे. प्रत्येक दाणा घडताना नाणे नव्याने उडवले जाते. शेंगेतल्या शेजारच्या दाण्याचे काय झाले याची त्याला खबर नसते. ७३२४ दाण्यांनी मिळून नियम पाळला, पण त्यांतल्या एकानेही तो पाळायचा म्हणून काही केले नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत पहिल्या अपत्याला धोका चारांत एक होता. दुसऱ्यालाही चारांत एक होता. तिसरे झाले असते, तर त्यालाही तेवढाच असता. 'होऊन गेले' हा शब्दच ह्या हिशेबात बसत नाही.

हीच चूक आपल्या घरांत आणखी एका ठिकाणी रोज होते. 'तीन मुली झाल्या, आता मुलगाच,' असे कोणी ना कोणी म्हणतेच. दर खेपेला पारडे जवळजवळ निम्मेनिम्मे असते. आधीच्या तिघींचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि मुलगा की मुलगी हे ठरवणारे गुणसूत्र आईकडून येतच नाही. ते बापाकडून येते, हे १९०५ पासून शास्त्राला ठाऊक होऊ लागले. तरी सुनेला बोल लावणारी घरे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. वाटाण्याच्या निबंधाला दीडशे वर्षांहून अधिक झाली. पण तो अजून त्या घरांपर्यंत पोचलेला नाही.

टीकाकाराने नुसती आरती ओवाळू नये. ह्या निबंधात उणे काय, तेही सांगतो. पहिले उणे शैलीचे. लेखक वाचकाकडे एकदाही वळून पाहत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मंडळाच्या सभासदांनी ती अक्षरांची रांग ऐकली असेल तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, याची मला कल्पना येते. नेगेलीसारख्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाशी मेंडेलने पुढे काही वर्षे पत्रव्यवहार केला, तरी त्यालाही ह्या निबंधाचे मोल कळले नाही. दोष केवळ ऐकणाऱ्यांच्या कानांचा नसावा.

दुसरे उणे अधिक गंभीर आहे, आणि ते माझे नव्हे. रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली मेंडेलचे आकडे पुन्हा तपासले. त्याचे म्हणणे असे, की आकडे जुळतात ते नको इतके जुळतात. काही गुणांच्या बाबतीत मेंडेलने झाड शुद्ध की मिश्र हे ठरवण्यासाठी त्याचे दहाच दाणे पेरले. मिश्र झाडाचे दहाही दाणे योगायोगाने वरचढ गुणाचेच निघण्याचा संभव शेकडा साडेपाचच्या आसपास असतो. म्हणजे तितकी मिश्र झाडे चुकून शुद्धांत जायला हवी होती, आणि दोनास एक हे प्रमाण थोडे बिघडायला हवे होते. ते बिघडलेले नाही. ह्यावर पुष्कळ वाद झाला. कोणी मदतनिसाकडे बोट दाखवले, कोणी म्हणाले की संशयित झाडे मेंडेलने आपल्या समजुतीप्रमाणे लावली असतील. मला ह्यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. एका प्रयोगात शंभर झाडांत मिश्र ६० आणि शुद्ध ४० आली. हे त्याच्या अपेक्षेपासून सर्वांत दूर होते. मेंडेलने तो प्रयोग पुन्हा केला, ६५ आणि ३५ आले, आणि त्याने दोन्ही निकाल छापले. लबाड माणूस पहिला निकाल कशाला छापेल? परंतु आपल्या मनासारखे आले नाही तेव्हाच पुन्हा मोजायचे, ही सवय प्रामाणिक माणसालाही फसवते. परीक्षणे लिहिताना मी स्वतः ती अनेकदा अनुभवली आहे.

तिसरे उणे म्हणजे ह्या निबंधाची मर्यादा, आणि ती विसरणारे वाचक. मेंडेलने पुढे हॉकवीड नावाच्या रानफुलावर हेच करून पाहिले आणि त्याचे नियम तिथे लागू पडेनात. ती वनस्पती पुष्कळदा फलनाशिवायच बी धरते, हे त्याला माहीत नव्हते. आणि माणसाची उंची, नाक, कपाळ, रंग, बुद्धी हे काही एकेका अक्षराचे खेळ नव्हेत. उंचीसारख्या गुणात अनेक अक्षरे थोडा थोडा हात लावतात, त्यात खाणेपिणे आणि आजारपणे भर घालतात. आणि हे मेंडेलच्या नियमांशी कसे सुसंगत आहे, ते ह्याच फिशरने १९१८ साली दाखवले. तेव्हा आत्याबाई आणि मावशी यांचा वाद सुटणारा नाही, हे मी आनंदाने जाहीर करतो. मात्र त्या दोघींची एक गोष्ट मेंडेलला मान्य झाली असती. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा यांच्या संकरातून त्याला ५५६ दाणे मिळाले : ३१५ गोल-पिवळे, १०१ सुरकुतलेले-पिवळे, १०८ गोल-हिरवे, आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे. आकार एका बाजूचा आणि रंग दुसऱ्या बाजूचा, असे दाणे निघाले. आजोबांचे सारे गाठोडे नातवाला एकत्र मिळत नाही. एक वस्तू इकडची, एक तिकडची. सगळे गुण असे मोकळे फिरत नाहीत, काही जोडीने जातात, हे पुढच्या संशोधनाने सांगितले. तरी घराणे म्हणजे एकसंध वस्तू, ही आपली कल्पना ह्या ५५६ दाण्यांपुढे टिकत नाही.

मग ह्या निबंधाच्या आधारे पुढचे सांगता येते की नाही? येते, पण कुठे ठामपणे बोलायचे ते तो फार जपून ठरवतो. दोन मिश्रांच्या संततीविषयी तो फक्त शक्यता सांगतो. मात्र एक बाजू शुद्ध 'गो-गो' असेल, तर सुरकुतलेला दाणा येणार नाही, हे तो ठामपणे सांगतो. शेकड्यात नव्हे, हजारात नव्हे, येणारच नाही. घरांच्या दृष्टीने निबंधातले सर्वांत मोलाचे भाकीत हेच, असे मी समजतो.

२०१२ नंतर माझ्या बहिणीने हे भाकीत घट्ट धरले. मुलांची औषधे, पाणी, थंडीची काळजी, दवाखान्याच्या खेपा, हे सांभाळून ती एकेका नातेवाइकाच्या मागे लागली. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिने ओवाळणी नाकारली आणि म्हणाली, 'दादा, मला रक्ताचा रिपोर्ट घाल.' मी तपासून घेतले. माझ्याही रक्तात ते एक अक्षर निघाले. पन्नाशी उलटेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता; ते निमूट मागे सरून बसले होते. माझ्या पत्नीच्या रक्तात ते नाही, म्हणून माझ्या मुलांना आजार नाही. एवढ्याच योगायोगावर माझे घर उभे होते, आणि मी मात्र त्याला पुण्याई समजत होतो.

२०२४ च्या दिवाळीत तिच्या धाकट्या दिराचे लग्न ठरत होते. दोन्हीकडची मंडळी पत्रिका घेऊन बसली होती. माझी बहीण उठली आणि म्हणाली, 'आधी आमच्या मुलाचे रक्त.' मुलीकडच्यांकडे तिने आधी काही मागितले नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटले. कारण आपल्याकडे तपासणी म्हटली की संशय मुलीवर जातो. दिराच्या रक्तात एक अक्षर होते. मग मुलीनेही आपले रक्त दिले. एका बाजूला सिकलसेल आणि दुसऱ्या बाजूला थॅलेसेमिया असला तरीही मूल आजारी होऊ शकते, म्हणून दोन्हींची तपासणी झाली. मुलीचे दोन्ही बाबतींत स्वच्छ आले. दोघांनाही नीट बसवून सांगितले गेले : तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही, प्रत्येक मुलात ते एक अक्षर असण्याचा संभव निम्मा राहील, आणि त्याच्या लग्नाच्या वेळी त्याने हे विसरू नये.

सासूबाई आता थकल्या आहेत. त्या रात्री त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, 'तेव्हा आम्ही हिशेब चुकीचा केला ना?' मी त्यांना मेंडेलच्या त्या दोन झाडांची गोष्ट सांगितली. एकावर ४३ गोल आणि दोन सुरकुतलेले, दुसऱ्यावर १४ आणि १५. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे त्या दुसऱ्या झाडाचा काही दोष नव्हता.'

दोष नव्हता. इतकी वर्षे टीका लिहून मला ह्या निबंधाचे सार इतक्या थोड्या शब्दांत सांगता आले नसते.